शस्त्रक्रियेनंतरची वीस वर्षे

(रुग्णालयाच्या वार्षिक दिन समारंभात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपल्यासमोर जमाखर्च मांडतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने तेच माझे काम आहे आणि आपण सारे ते आकडे मोठ्या सहनशीलतेने ऐकून घेता, याबद्दल मी आपला ऋणी आहे. यंदा अध्यक्ष महोदयांनी आज्ञा केली की, हिशेब अहवालात छापलेला आहेच, तेव्हा नेत्रविभागाविषयी चार शब्द बोलावेत. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु नेत्रशस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरात मी वाढलो आणि पुढे स्वतःच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्या अधिकारानेच आज मी आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम आजीविषयी सांगतो. साल १९७८. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला होता आणि गावोगावच्या शाळांत, धर्मशाळांत नेत्रशिबिरे भरत होती. आमच्या प्राथमिक शाळेतील बाके भिंतीला लावून वर्गांत सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि माझ्या आजीसह अनेक वृद्धांच्या मोतीबिंदूवर तेथे शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी डोळ्यातील गढुळलेले भिंग अखंड काढून टाकीत. त्याच्या जागी दुसरे काही बसवीत नसत. भिंगाचे काम चष्म्याने करावयाचे. दहा नंबरच्या आसपासचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यातून वस्तू पाव हिश्शाने मोठी व जवळ भासे. आजी उंबरा ओलांडताना गरजेपेक्षा उंच पाय टाकी, आणि तांब्या घ्यावयाचा तर तिचा हात अलीकडेच मिटे. आम्ही मुले हसत असू. तीही हसे. पण तिला दिसू लागले होते. चार वर्षांनी तिने प्रथमच माझा चेहरा नीट पाहिला आणि मी आजोबांवर गेलो आहे असे जाहीर केले.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तो चष्मा माझ्याकडून मोडला. अंथरुणावर ठेवलेला होता, मी धावत येऊन त्यावर बसलो. नवा चष्मा कोल्हापूरहून करून आणावयाचा, त्यासाठी नंबरचा कागद हवा. तो कागद कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. शिबिराचे डॉक्टर परत आले नव्हते. पेरणीचे दिवस, हाती पैसा नाही. दोन महिने आजी पुन्हा भिंत चाचपडत चालली. मला कोणी मारले नाही. आजी एवढेच म्हणाली, “असू दे रं लेकरा, वरीसभर दिसलं की.”

मला तिचे ते वाक्य फार उशिरा कळले. या संस्थेत लागल्यावर जुने शिबिर-अहवाल कसे असतात, हे मी पाहिले. शस्त्रक्रिया इतक्या, पैकी यशस्वी इतक्या. शिबिर संपले त्या दिवशी यादी बंद. त्या वर्षीच्या कुठल्यातरी अहवालात माझी आजी ‘यशस्वी’ या रकान्यात असेल, आणि ते खोटेही नव्हते. मात्र तो चष्मा मोडल्यानंतर तिचे काय झाले, हे विचारणारा रकानाच कोठे नव्हता.

पुढे काळ बदलला. इंग्लंडमधील डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी महायुद्धातील जखमी वैमानिकांचे डोळे तपासताना पाहिले होते की, विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण डोळ्यात राहिले तरी डोळा ते सोसतो. त्यावरून त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडन येथे पहिले कृत्रिम भिंग मनुष्याच्या डोळ्यात बसविले. परंतु ते भिंग आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्यात येण्यास आणखी चाळीस वर्षे लोटावी लागली. डॉ. व्यंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली मदुराई येथे ऑरोलॅब हा कारखाना काढला, आणि शंभर डॉलरच्या घरातील भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प राबविला गेला. त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्मे हळूहळू दिसेनासे झाले. माझ्या आजीला हे भाग्य लाभले नाही.

आता माझ्या स्वतःच्या डोळ्यांकडे वळतो. इयत्ता सहावीत मला चष्मा लागला आणि पदवीपर्यंत नंबर उणे साडेसहावर गेला. सकाळी उठल्यावर चष्मा शोधण्यासाठीच चष्मा लागावा, अशी अवस्था. पावसात मोटारसायकल चालविणे म्हणजे केवळ जोतिबाच्या भरवशावर. म्हणून २००२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एका मोठ्या शहरातील खाजगी केंद्रात जाऊन मी दोन्ही डोळ्यांचे लॅसिक करून घेतले. कर्ज काढून केले, हेही प्रांजळपणे सांगतो.

या शस्त्रक्रियेत होते काय, ते माझ्यासारख्या हिशेबनीसाला समजले त्या भाषेत सांगतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, तो मध्यभागी अवघा अर्धा मिलिमीटर जाड असतो. माझा ५४० मायक्रॉन होता. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापैकी वरचा १६० मायक्रॉनचा पापुद्रा बारीक पात्याने कापून वहीच्या पानासारखा उलटवतात. आतील थरातून लेझरने मोजका भाग झिजवितात. माझ्या नंबराला सुमारे ९० मायक्रॉन लागले. नंतर पान पुन्हा मिटतात. टाका नाही. खाली शिल्लक राहिले २९० मायक्रॉन. ही शिल्लक २५० च्या खाली जाऊ देऊ नये, असा डॉक्टरांचा संकेत होता. सज्जनहो, ही शिल्लक म्हणजे मूळ भांडवल. त्यात पुन्हा भर घालता येत नाही. ज्याचे पारपटल मुळातच पातळ किंवा आकाराने वेडेवाकडे, त्याच्यावर ही शस्त्रक्रिया केली तर डोळ्याच्या आतील दाबाने ते पुढे फुगत जाते आणि काही वर्षांनी, चष्मा लावूनही धड दिसत नाही, अशी वेळ येते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी ही शस्त्रक्रियेपेक्षाही महत्त्वाची असते.

या लेझरचा असा उपयोग शोधून काढणाऱ्यांत आपल्या देशाचा एक सुपुत्र आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी सणाच्या जेवणातील उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर एक्सायमर लेझर सोडून पाहिला. मांस कापले गेले, पण शेजारचा भाग जराही जळला नाही. शिळे अन्न टाकू नये, या आपल्या घरोघरीच्या शिकवणुकीला विज्ञानात यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी वारणानगरला परतलो. पहाटे दार उघडले आणि जोतिबाच्या डोंगराची कड चष्म्याविना रेषेसारखी स्वच्छ दिसली. मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो. सौभाग्यवतींना हाक मारावीशी वाटली, पण घसा दाटून आला होता. त्या सकाळचे मोल मी आजही कमी करू इच्छित नाही. कोणी मला विचारले की पुन्हा करशील का, तर माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. परंतु ते उत्तर आता पहिल्यासारखे पटकन येत नाही.

पहिले वर्षभर डोळे कोरडे पडत. पापुद्रा कापताना बारीक नसाही कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला स्वतःचा कोरडेपणा कळत नाही आणि अश्रू कमी येतात. मार्चअखेरीस ताळेबंद जुळविताना दर तासाला डोळ्यात थेंब घालावे लागत. रात्री ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचे दिवे समोरून आले की प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसे. ते कमी झाले, संपूर्ण गेले मात्र नाही. तो पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच सांधत नाही, जोराचा मार लागल्यास वर्षांनंतरही सरकू शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून शेतात जाताना मी साधा पारदर्शक गॉगल लावतो. भावकीत त्यावरून पुष्कळ विनोद झाले. उसाचे पाते डोळ्याला काय करू शकते हे मात्र आमच्या नेत्रविभागातील कोणालाही विचारावे. पात्याचा ओरखडा, त्यात बुरशी, त्यावर घरगुती उपचार आणि मग पांढरे पडलेले बुबुळ, हे आम्ही दर हंगामात पाहतो. लॅसिक झालेले असो वा नसो, उसात शिरताना गॉगल लावावा, ही माझी सर्व शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती आहे.

पंचेचाळिशीत जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागला. यात शस्त्रक्रियेचा दोष नाही, वयोमानाने तो प्रत्येकाला लागतो. लॅसिकच्या जाहिरातीत मात्र ‘चष्म्यापासून कायमची मुक्ती’ असे शब्द होते, हे मला स्मरते.

आता मुख्य गोष्टीवर येतो. माझ्या थोरल्या बंधूंना काचबिंदू आहे. हा आजार घराण्यातून येऊ शकतो, म्हणून मी दरवर्षी आपल्याच रुग्णालयात डोळ्याचा दाब तपासून घेत असे. दोन वर्षे नोंद चौदा अशी आली. दहा ते एकवीस हे सर्वसाधारण मानले जात असल्याने मी निश्चिंत होतो. तिसऱ्या वर्षी नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहता पाहता विचारले, “साहेब, लेझर केव्हा केलेत?” पापुद्र्याची कड अगदी पुसट वर्तुळासारखी त्यांना दिसली होती. मी म्हणालो, त्याला वीस वर्षे होऊन गेली, त्याचा येथे काय संबंध? तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. दाब मोजण्याचे यंत्र पारपटल किती दबते यावरून आकडा सांगते. माझे पारपटल झिजवून पातळ केलेले आहे, ते सहज दबते, म्हणून यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखविते. माझा चौदा हा चौदा नव्हता. पुढे नसेची तपासणी झाली, दृष्टिक्षेत्राची चाचणी झाली. डाव्या डोळ्याविषयी संशय आहे. थेंब सुरू झाले आहेत आणि दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली आहे. वेळीच लक्षात आले, हे माझे भाग्य.

यात चूक कोणाची? तपासणाऱ्याची नाही. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, औषधांची ॲलर्जी, पूर्वीचा मोतीबिंदू असे सर्व रकाने होते. ‘चष्म्याचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय’ हा रकाना नव्हता. तो केसपेपर छापून घेणारा मी. नमुन्यावर सही माझी आहे. आजीच्या अहवालात एक रकाना कमी होता म्हणून इतकी वर्षे मनात खंत बाळगली, आणि स्वतः फॉर्म तयार करताना मीही एक रकाना विसरलो.

एवढ्यावर हे थांबत नाही. उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकू लागला आहे. त्यात किती शक्तीचे भिंग बसवावयाचे, हे पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेझरने ती वक्रता बदललेली असल्याने नेहमीच्या सूत्राने गणित केले तर भिंग कमी शक्तीचे निघते आणि मनुष्य शस्त्रक्रियेनंतर अधिक नंबरचा चष्मा घेऊन घरी जातो. आता यासाठी वेगळी सूत्रे उपलब्ध आहेत. जुने कागद नसले तरी ती बऱ्यापैकी चालतात. पण लेझर झाले आहे, हे तरी डॉक्टरांना ठाऊक हवे ना! मॅडमनी विचारले, २००२ च्या आधीची मापे आहेत का? मी त्या केंद्राकडे चौकशी केली. ते केंद्र बंद झाले होते. माझ्याकडे पैशाची पावती होती, मापांचा कागद नव्हता. वाणिज्य शाखेच्या माणसाने पावती जपली आणि माप हरविले, यावर आमच्या डॉक्टर मंडळींनी केलेली थट्टा मला मान्य आहे.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे बंधनकारक ठरले, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्या देणेही. तीन वर्षे हा काळ कायद्याला पुरेसा असेल. डोळ्याला तो पुरत नाही. बत्तिसाव्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेचा कागद पंचावन्नाव्या वर्षी लागतो.

दीर्घकाळ पाहिल्याशिवाय परिणाम कळत नाही, याचे एक उदाहरण वाचनात आले. लॅसिकच्या आधी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेऊन नंबर घालविण्याची पद्धत होती. रशियाचे डॉ. फ्योदोरोव्ह यांनी ती लोकप्रिय केली. अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा रुग्णांना दहा वर्षे पुन्हा पुन्हा बोलावून तपासले आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरापैकी त्रेचाळीस डोळ्यांत नंबर एक किंवा त्याहून अधिकने उलट बाजूला, अधिक चिन्हाकडे सरकला होता. पहिल्या वर्षी तपासणी थांबविली असती तर हे कोणाला दिसले नसते.

आणि हे केवळ लेझरबाबत खरे आहे असे नाही. काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतून वृद्ध शेतकरी आले. आपल्याकडे त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य झाली होती. दोन वर्षे उत्तम दिसले, नंतर धूसर झाले. भिंगाच्या मागील पडद्यावर जाळी येते, तशी आली होती. लेझरने ती पाच मिनिटांत मोकळी करता येते, टाका नाही, पट्टी नाही. पण हे आजोबा आठ महिने घरीच बसून होते. एवढे दिवस का आला नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, “आपरेशन तुमी फुकाट केलासा. त्याच्यावर आनि गाऱ्हानं कुटल्या तोंडानं सांगू?”

देणगीदार बंधूंनो, हे वाक्य मी मुद्दाम आपल्यासमोर ठेवीत आहे. ज्याला आपण दान देतो तो तक्रार करीत नाही. त्याचे मौन आपल्या अहवालात यश म्हणून छापले जाते. तो येणार नाही, आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे.

सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांच्या या भूमीत १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या उसाच्या नोंदी शेतकऱ्याला आपल्याच गावात पाहता याव्यात, हा त्यामागील एक हेतू होता. उसाच्या नोंदीची जी काळजी आपण घेतली, ती डोळ्याच्या मापाची घेऊ शकलो नाही, याचे मला वैषम्य वाटते.

यंदापासून तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. केसपेपरवर तो राहिलेला रकाना आला आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णास जाड कागदाचे एक कार्ड दिले जाते. त्यावर शस्त्रक्रियेपूर्वीची मापे, बसविलेल्या भिंगाची शक्ती आणि तारीख असते. ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे, असे आम्ही नातेवाइकांना सांगतो, कारण ती पिशवी कोणत्याही घरात हरवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे एक नोंदवही. प्रत्येक डोळ्याला एक पान, आणि त्यावर एक महिना, एक वर्ष, पाच वर्षे व दहा वर्षे असे चार रकाने. यंदा त्यातील पहिलाच रकाना भरला आहे, म्हणून अहवालात त्याचे आकडे दिलेले नाहीत. दहा वर्षांचा रकाना भरेल तेव्हा मी या खुर्चीवर नसेन.

या कामासाठी एक वाहन, त्याचे डिझेल आणि गावोगावी जाणारा एक नेत्रसहायक एवढा खर्च आहे. विश्वस्त मंडळाने त्याला मान्यता दिली आहे. अडचण एवढीच की, या कामाची कोनशिला बसविता येत नाही. यंत्राला देणगीदाराचे नाव लावता येते, खोलीच्या दारावर लावता येते, पाच वर्षांनी एखाद्या वाडीवर जाऊन केलेल्या तपासणीला ते कोठे लावणार, हे मला सुचलेले नाही. ज्यांना त्याची फिकीर नाही अशा देणगीदारांनी समारंभानंतर कार्यालयात भेटावे.

आणखी एक विनंती तरुणांच्या पालकांना. पोलीस वा सैन्यभरतीसाठी, किंवा मुलीचे लग्न ठरावे म्हणून, चष्मा घालविण्याविषयी विचारणारे पुष्कळ जण माझ्याकडे येतात, कारण माझे झाले आहे हे गावाला माहीत आहे. मी कोणालाही नको म्हणत नाही. नंबर वर्षभर स्थिर आहे का, पारपटलाची जाडी व आकार तपासला का, आणि भरतीचा नियम स्वतः लेखी वाचला का, एवढे विचारतो. चष्मा गेला तरी डोळा आतून लांबट तो लांबटच राहतो. मोठा नंबर असलेल्यांनी आतील पडद्याची तपासणी पुढेही करून घेतली पाहिजे. आणि कागद घरी आणावेत, सगळे.

माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आपल्याच रुग्णालयात ठरली आहे. नव्या नोंदवहीत माझेही एक पान उघडले आहे. पूर्वीच्या मापांच्या ओळीत मॅडमनी ‘उपलब्ध नाही’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.